परत ढकललेला गाळ

अप्पा, गटारातून काढलेला गाळ मी परत गटारात ढकलायला लावला.

दिवसाढवळ्या, पूर्ण शुद्धीवर असताना, नाकाला रुमाल लावून, जातीनं उभा राहून. गावानं मला नगरपालिकेत निवडून पाठवलं होतं ते गाव साफ राहावं म्हणून. वकिलीची सनद होती, डोक्यावर टोपी होती. टोपीखाली काय होतं, त्याचा तपास अजून लागलेला नाही.

ही गोष्ट तुम्हाला नव्यानं सांगायला नको. तुमच्याइतक्या वेळा ती कुणीच ऐकलेली नाही. बारसं असो, मुंज असो, पंगत बसली की कुणीतरी म्हणायचं, ‘वकीलसाहेब, ते गाळाचं होऊ द्या.’ आणि मी होऊ द्यायचो. तुम्ही शेजारच्या पाटावर बसून मुकाट ऐकायचात. फरक एवढाच, की माझ्या गोष्टीत गाळ ढकलायला लावणारे तुम्ही असायचात.

काल तुमचं तेरावं झालं. डोंबिवलीहून घरी आलो, टोपी खुंटीला लावली, आणि जशी झाली तशी गोष्ट सांगायला आज बसलोय. मधेच ‘नाना, पुढे बोल’ म्हणायला तुम्ही नाही. ही सोय आहे की शिक्षा, ते कळत नाही.

आपलं नातंच मुळात अडचणीचं. तुम्ही माझ्या अक्काचे यजमान आणि नगरपालिकेचे ओव्हरसियर; मी तुमचा धाकटा मेहुणा आणि त्याच नगरपालिकेचा मेंबर. घरी तुम्ही मोठे, सभेत मी. रविवारी तुमच्या ओटीवर बसून मी अक्काच्या हातचं खाडीतल्या चिंबोऱ्यांचं कालवण बोटं चाटत जेवायचो, आणि आठवड्यात सभा असली की उभा राहून म्हणायचो, ‘गटारांच्या दुर्दशेबद्दल ओव्हरसियरसाहेबांनी खुलासा करावा.’ तुम्ही खुलासा करायचात. कालवणाचा उल्लेख कधी केला नाहीत.

तुमच्या ऑफिसातल्या टेबलावर पंचांग असायचं. नवीन मेंबरांना वाटे, माणूस भाविक. भाविक कसले! तिथी बघून तुम्ही खाडीची भरती-ओहोटी ताडायचात. आमच्या गावातलं पावसाचं पाणी शेवटी कोपरीच्या बाजूनं, मिठागरांच्या मधून खाडीला मिळायचं. तिथे बांधात ती उघाडी होती, पाण्याची झडप. ओहोटी लागली की तिची लाकडी फळी आपसूक उघडायची आणि गावाचं पाणी बाहेर पडायचं. भरती आली की खाडीच्याच रेट्यानं ती मिटायची. फटीत एखादी करवंटी अडकली तरी खारं पाणी उलटं गावात. म्हणून होळीची राख निवली की तुमचं काम सुरू व्हायचं, आणि ते खालून सुरू व्हायचं. आधी उघाडी, मग नाला, मग रस्त्याखालच्या मोऱ्या, मग पेठेतली गटारं, आणि सगळ्यांत शेवटी वरच्या आळ्या. तुमचं स्वतःचं बिऱ्हाड वरच्या आळीत. म्हणजे ओव्हरसियरच्या दारातलं गटार गावात सर्वांत शेवटी साफ होणार. अक्का म्हणायची, ‘आमच्या नशिबी शेवटची पंगत.’

मी एकदा सभेत विचारलं, ‘पाणी वरून खाली जातं हे तर शाळेत शिकवतात. मग सफाई खालून का?’

तुम्ही म्हणालात, ‘खालचं तोंड बुजलेलं असताना वरून सोडलेलं कुठे जाईल, वकीलसाहेब?’

सभा हसली. दुसऱ्याच्या वाट्याला गेलेला हशा मला आजन्म पचला नाही. मी लगेच उठलो. ‘अध्यक्षमहाराज, आपण ओव्हरसियर नेमला असं मला वाटत होतं. हे तर भटजी निघाले! पंचांग बघून गटाराचा मुहूर्त काढून देतात.’ सभा दुप्पट हसली आणि ‘गटारभटजी’ हे नाव तुम्हाला चिकटलं. पुढे पोरंसुद्धा सायकलमागे ओरडायची. तुम्ही सायकलवरून उतरून त्यांना सांगायचात, ‘आंब्याच्या कोयी गटारात टाकू नका रे, मोरीत जाऊन अडकतात.’ चिडवणाऱ्याला काम सांगायचं, ही तुमची रीत.

आपला खरा वाद गाळ वाळवण्यावरचा. बिगारी फावड्यानं गाळ काढत, घमेल्यानं रस्त्याच्या कडेला त्याचे ढीग घालत, ते दोन-तीन दिवस वाळत पडत, मग बैलगाड्या येऊन उचलत. त्या दोन-तीन दिवसांत आळीत नांदणं म्हणजे तपश्चर्या. लग्नसराईतल्या पत्रावळी, द्रोण, नारळाची शेंडी, वर्षभराची मोरीची घाण, सगळं दारात मांडलेलं. मी म्हणायचो, ओला असतानाच उचला. तुम्ही म्हणायचात, ओला गाळ म्हणजे निम्मं पाणी. गाडीच्या फळ्यांतून गळत जाईल, एक आळी साफ करायला चार रस्ते घाण होतील, आणि बैलांच्या माना मोडतील. शिवाय तुमचे नियम. ढीग गटाराच्या अगदी काठाला नको, दोन ढिगांत वाट हवी, म्हणजे अवचित सर आली तर रस्त्याचं पाणी गटारात उतरायला मोकळं. मी म्हणायचो, ‘अप्पा, तुम्ही ढिगांची आरास करता की सफाई?’ तुम्ही म्हणायचात, ‘तू जेव.’

आणि अशा आरास मांडलेल्या दिवसांत पुण्याची मंडळी कुसुमला बघायला यायची ठरली.

कुसुम तुमची थोरली, माझी भाची. स्थळ चांगलं. अक्कानं पडदे धुतले, तांब्या-भांडी चिंचेनं घासली, आणि दार उघडून बाहेर पाहिलं तर उंबऱ्यापासून हातभर अंतरावर काळाभोर, निथळता डोंगर. आदल्याच दिवशी काढलेला. ती पदर नाकाला लावून म्हणाली, ‘दारात हे असं, आणि आत मी पोहे करू?’

मी तुम्हाला म्हटलं, ‘अप्पा, एक गाडी. फक्त एक.’

‘गाड्या पेठेतल्या ढिगांवर आहेत. आपली पाळी परवा.’

‘पाहुणे उद्या आहेत!’

‘त्यांना नाक असेल तर कळेल, गाव साफ होतंय.’

‘मी मेंबर म्हणून सांगतो.’

‘मग सभेत उभा राहून सांग, की माझ्या बहिणीच्या दारातलं आधी उचला.’

‘बरं, मामा म्हणून सांगतो.’

‘मामानं मुलीच्या मागे उभं राहायचं असतं, ढिगापुढे नाही.’

एवढं बोलून तुम्ही पँटला सायकलची क्लिप लावलीत आणि ओहोटी गाठायला खाडीकडे निघून गेलात. अक्का आत जाऊन भांडी आपटत बसली. अप्पा, आज तुम्ही नाही म्हणून तुम्हाला देव करणार नाही. त्या दिवशी तुमचंही चुकलं. पोरीसाठी एक गाडी वळवली असती तर खाडी कोपली नसती. तुम्हाला तुमच्या रांगेचा गर्व होता. हे मी तुम्हाला तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण ते म्हणायचं तर पुढचंही म्हणावं लागलं असतं.

पुढचं असं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही उघाडीवर होतात. मी आळीच्या तोंडाशी गोमा मुकादमाला गाठलं. गोमा कोपरीचा, घर सगळं मिठागरात राबलेलं, आणि उन्हाळ्यात तो तुमच्या हाताखाली गटारांवरच्या बिगाऱ्यांची टोळी चालवायचा. मी म्हटलं, ‘गोमा, हा साहेबांचा निरोप समज. दारातले ढीग परत आत ढकला. पाहुणे येऊन गेले की काढता येतील.’

गोमानं फावडं टेकवलं. ‘साहेब बोलले? आपले साहेब?’

‘मग मी काय माझ्या मनानं सांगतोय?’

बघा अप्पा, वकील खोटंसुद्धा प्रश्न करून बोलतो, म्हणजे पुढे अंगाशी येत नाही.

‘तसा नाय वो, वकीलसायेब. पन काढलेला गाल परत गटारान? साहेबांचा डोका फिरला का काय?’

‘मुलीच्या बापाचं डोकं या दिवसांत ठिकाणावर नसतं रे.’

गोमाला ते पटलं. त्यालाही मुली होत्या. टोळीनं गाळ परत ढकलला. बिगाऱ्यांतला एक जण इतका हसत होता, की त्याच्या फावड्यातला निम्मा गाळ माझ्या बुटांवर आला. मी जागेवर फिनेल शिंपडवलं आणि कुसुमला हाक मारली, ‘इथे एक रांगोळी घाल.’

‘मामा, गटाराच्या काठावर?’

‘गटार म्हणू नये. पाट म्हणावं.’

आणि पाहुणे? तुमच्याच गाड्या पेठेतला गाळ घेऊन आळीच्या तोंडाशी उभ्या होत्या. टांगेवाल्यानं वाट सोडली आणि मंडळींना मागच्या बोळातून आणलं. विहिरीवरून, धुण्याच्या दगडावरून, परसदारानं मंडळी आत आली. पोहे खाल्ले, मुलगी पसंत केली, आणि त्याच वाटेनं गेली. पुढचं दार कुणी पाहिलं नाही, तुम्हीसुद्धा; ऐन वेळी खाडीवरून परसदारानंच आलात, आणि पहाटे अंधारात परत ओहोटी गाठायला गेलात. माझी रांगोळी एका गायीनं तेवढी पाहिली, आणि तीही थांबली नाही.

इथपर्यंत गोष्ट हसण्यासारखी आहे. मी ती इथपर्यंतच सांगत असे.

पाहुणे गेले आणि मी वकिलीच्या कामाला लागलो. गोमाला ‘काढता येतील’ म्हटलं होतं. ‘काढ’ म्हणायला विसरलो. दुसऱ्या दिवशी दुपारी वळीव कोसळला. मोकळा झालेला तो गाळ पाण्याबरोबर सरळ खाली, तुमच्या माणसांनी घासूनपुसून ठेवलेल्या पेठेच्या गटारात गेला आणि मोरीच्या तोंडाशी बसला. पाणी दुकानांत चढलं. धान्याची पोती भिजली. पण दुकानदारांचं काय, ते ओरडू शकत होते. मोरीशेजारच्या खोलीत गोदूबाई शिवणकाम करत. लग्नसराईचे दिवस, गावभरच्या नवरीमुलींच्या चोळ्या कापून त्यांच्या चटईवर मांडलेल्या. गटाराचं पाणी त्यांच्यावरून फिरलं. बाई ओरडल्या नाहीत. मशीन तेवढं टेबलावर उचलून ठेवून त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या.

तुम्ही कमरेइतक्या पाण्यात बांबूनं मोरी मोकळी करत होतात. मी एका दुकानाच्या फळीवर उभा. तुम्ही हात घालून, घासून ठेवलेल्या गटारात नसायला हवा असा मूठभर गाळ काढलात, आणि गोमाकडे पाहिलंत. गोमा म्हणाला, ‘साहेब, तुमचाच हुकूम व्हता.’ तुम्ही मान वर करून माझ्याकडे पाहिलंत. फार वेळ नाही. मोरी तुंबलेली होती, तुम्हाला वेळ नव्हता.

संध्याकाळी तुम्ही आणि अक्कानं गोदूबाईंचं सगळं कापड घरी आणलं आणि परसदारी धुण्याच्या दगडावर धुतलं. पुण्याची मंडळी ज्या दगडावरून आली, त्याच. तुम्ही पाणी शेंदत होतात, ती धूत होती. काही चोळ्यांवरचे डाग गेलेच नाहीत. माझ्या गोष्टीत, अप्पा, गोदूबाई कधी आल्याच नाहीत. त्या आल्या की हशा अडतो.

मग सभा. पेठेतल्या एका मेंबरानं टेबल ठोकून विचारलं, ‘काढलेला गाळ परत गटारात टाकण्याचा हुकूम ओव्हरसियरनी दिला होता, हे खरं का?’

तुम्ही उभे राहिलात. ‘हुकूम माझ्या नावानं दिला गेला होता. जबाबदारी माझी आहे.’

किती नेमकं वाक्य! वकील असून मला तसं रचता आलं नसतं. त्यात खोटं काही नव्हतं, आणि माझ्यासाठी दारही उघडं होतं. कुणाच्या तोंडून दिला गेला, एवढंच कुणीतरी विचारायचं, नाहीतर मी सांगायचं. मी उठलो. देवाशपथ सांगतो, सांगायलाच उठलो होतो. पण उठल्यावर सगळी सभा माझ्याकडे वळली, काहींच्या ओठांवर आधीच हसू आलं, आणि माझी जीभ त्या हसण्याकडे घसरली.

‘अध्यक्षमहाराज,’ मी म्हटलं, ‘पाहुणे आले की आपण घरातला पसारा खाटेखाली सारतो. आमच्या भटजींनीही तेच केलं. फक्त त्यांची खाट नगरपालिकेची आहे!’

टेबल ठोकणारा मेंबरसुद्धा पोट धरून हसायला लागला. हशात प्रकरण निवलं. ‘ओव्हरसियरांना ताकीद द्यावी’ एवढ्यावर भागलं. मी खाली बसलो तो घामानं डबडबलेला आणि मनातून खूश. अप्पांना वाचवलं! नाहीतर सस्पेंड झाले असते! हे मी त्या दिवशी स्वतःला सांगितलं, आणि ते इतकं आवडलं की पुढे सगळ्यांना सांगत सुटलो.

पुढे असिस्टंट इंजिनिअरची जागा निघाली. ताकीद मिळालेला माणूस म्हणून तुमचं नाव मागे पडलं. त्या सभेतही मी तुमच्या बाजूनं बोललो, आणि छान बोललो. एक वाक्य सोडून सगळं बोललो. मग तुम्ही कल्याणच्या बाजूची नोकरी धरलीत आणि डोंबिवलीत दोन खोल्या घेतल्यात. स्टेशनपलीकडे भातखाचरं, आणि बेडकांच्या ओरडण्यात माणसाचं बोलणं ऐकू येऊ नये. अक्का म्हणायची, ‘इथे बरंय, तुझं भाषण ऐकू येत नाही.’ मला ती थट्टा वाटायची.

तुम्ही गाव सोडल्यावर मी माझा ठराव पास करून घेतला: गाळ ओलाच उचलायचा. मैदान मोकळंच होतं. त्या उन्हाळ्यात स्टेशनापासून खोपटच्या वस्तीपर्यंत रस्त्यावर काळी चकचकीत रेघ पडली. गाड्या गळत होत्या, माणसं घसरत होती, आणि एक बैल कोर्टाच्या समोर असा बसला की उठेचना. मी बार रूमच्या खिडकीतून पाहत होतो. शेजारचे वकील म्हणाले, ‘तुमचा अशील आलाय.’ रविवारी डोंबिवलीला येऊन मी तुम्हाला सगळं सांगितलं. म्हटलं, आता माणूस म्हणेल, ‘सांगितलं होतं ना?’ तुम्ही विचारलंत, ‘बैलाला लागलं का रे?’

आणि निवडणुकीत मी आपटलो तेव्हा? थोडक्या मतांनी पडलेल्याला लोक भेटायला येतात. माझ्यासारख्या आपटलेल्याच्या दारावरून चपला हातात घेऊन जातात. तुम्ही गाडीनं आलात, पिशवीत चिंबोऱ्या घेऊन. कुणीतरी नाल्याच्या तोंडाशी पकडून दिलेल्या. पिशवीतून एक निसटली आणि माझ्या ओटीवर आडवी चालू लागली, आणि आपण दोघं म्हातारे होत चाललेले गृहस्थ ओणवे होऊन तिच्या मागे. ती कपाटाखाली गेली. तुम्ही जमिनीवर पालथे पडून हात घातलात आणि म्हणालात, ‘नाना, आता तुला खुलासा मागता येणार नाही. रविवारी निर्धास्त जेवायला ये.’ इतक्या दिवसांत मी प्रथमच हसलो होतो, आणि तो हशा तुमचा होता. मला खपला.

त्या दिवशी सांगायला हवं होतं. कुसुमच्या मुलाच्या बारशाला सांगायला हवं होतं. त्या बारशालाही मी पंगतीत ‘गाळाचं’ सांगितलं, सगळे जावई-व्याही हसले. परसात हात धुताना तुम्ही तांब्यानं माझ्या हातावर पाणी घालत होतात. म्हणालात, ‘नाना, तू सगळीकडे सांगतोस, सभेत मला वाचवलंस.’

‘मग? वाचवलं नाही का?’

‘मी बुडत नव्हतो रे. पाण्यात उभा होतो.’

आणि तांब्या उपडा घालून आत गेलात. मी ओले हात घेऊन उभा. त्याचा अर्थ तेव्हाच कळला होता. कळला नाही असं दाखवणं सोपं होतं, आणि सोपं काही दिसलं की मी कधी सोडत नाही.

शेवटच्या दुखण्यात तुमच्याकडे आलो तो ठरवून आलो होतो. आज सांगायचंच. गाडीत वाक्य पाठ केलं होतं. तुमचा आवाज अगदी बारीक झाला होता. मी खाटेजवळ बसलो, घसा साफ केला, आणि तुम्हीच विचारलंत, ‘उघाडीची फळी बदलली का रे? कुजली होती.’

मी म्हटलं, ‘हो, बदलली.’

मला काही ठाऊक नव्हतं, अप्पा. मी तिकडे फिरकलोच नव्हतो. तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हटलं. तुम्ही डोळे मिटलेत आणि मी उठून आलो. तुमच्याशी शेवटचं बोललो तेही खोटं, आणि तेही गटाराबद्दल.

काल तेराव्याला गोमा आला होता. आता मिशा पांढऱ्या. पंगतीला बसायला संकोचत होता, म्हणून अंगणात बाकावर बसला होता. त्याला पाहिलं आणि मला भरून आलं. शेजारी जाऊन बसलो. कुणाजवळ तरी हलकं व्हायचं होतं, आणि खरं ठाऊक असलेला एवढाच माणूस उरला होता, असा माझा समज.

‘गोमा,’ मी म्हटलं, ‘माझ्यासाठी गप्प बसले रे ते. बायकोचा भाऊ म्हणून.’

गोमानं माझ्याकडे वळून पाहिलं. ‘तुमचेसाठी? नाय वो. माझेसाठी.’

‘तुझ्यासाठी? ते कसं?’

‘सभेच्या आदले दिशी मी साहेबांना बोललो, मी उभा राहून सांगतो सगला, की वकीलसायबांनी तुमचा नाव घेतला. साहेब बोलले, गोमा, मेंबरासमोर मुकादमाचा कोन खरा धरील? तुलाच काढतील. मी बोललो, असा कसा? वकीलसायेब घरचा मानूस हाय, तो खरा सांगंल. तवा साहेब हसले.’

‘काय म्हणाले?’

‘जाऊ द्या ना.’

‘सांग.’

‘बोलले, तो नाय पन म्हननार नाय न होय पन म्हननार नाय. तो उठंल, सगल्यांना हसवंल, न खाली बसंल.’

आदल्या दिवशी, अप्पा! मला माझं भाषण सुचायच्या आधी तुम्हाला ते ठाऊक होतं. इतकी वर्षं मी तुमच्या त्यागाचं ओझं वाहत होतो. ओझंच, पण जरा मिरवण्यासारखं. अप्पांनी माझ्यासाठी सोसलं म्हणजे मीही कुणीतरी असेन. आणि तुम्ही मला हिशेबातून आधीच वजा केलं होतंत. भरती कधी येणार हे पंचांगात बघावं तसं मला बघितलं होतंत, आणि त्या पाण्यात गोमा सापडू नये म्हणून स्वतः उभे राहिला होतात. आणि तरीही मला रविवारी जेवायला बोलावत राहिलात. तुम्ही रागावला असतात तर मला काहीतरी करता आलं असतं. हे असं काय करायचं?

मी तडक आत गेलो. गोडाचं जेवण आटोपलं होतं, पानसुपारी फिरत होती. कल्याणचे तुमचे सोबती, कुसुमच्या सासरचे, आळीतली जुनी मंडळी, सगळे भिंतीला टेकून बसलेले. कुणीतरी म्हणालं, ‘वकीलसाहेब, अप्पांबद्दल दोन शब्द बोला.’ मी उभा राहिलो. म्हटलं, बास, आज इतक्या माणसांपुढे तुमचं नाव धुऊन देणार. जो काही कमीपणा यायचा तो येऊ दे.

‘तुम्ही सगळ्यांनी माझ्याकडून गाळाची गोष्ट ऐकली आहे,’ मी सुरुवात केली.

लगेच दोन-तीन चेहऱ्यांवर हसू आलं. कुसुमच्या सासऱ्यांनी तर सुपारी गालात सारून ऐकायची तयारी केली.

‘ती खोटी आहे. तो गाळ अप्पांनी ढकलायला लावला नव्हता. मी लावला. अप्पांचं नाव सांगून.’

सगळे हसले. मनापासून, कौतुकानं हसले. शेवट नवा केलाय असं त्यांना वाटलं. मी म्हटलं, ‘हसू नका, खरं सांगतोय.’ ते आणखी हसले. माझा आवाज चढला, हात हलायला लागले, डोळ्यांत पाणी आलं. मी सांगत गेलो: सभेत मी कसा उठलो, माझ्या मनात काय होतं, माझी जीभ कशी घसरली, रात्ररात्र मला कशी झोप आली नाही, मला आज गोमाकडून काय कळलं, माझ्या काळजाला कसं लागलं. हळूहळू हसणं थांबलं. माणसं टक लावून ऐकायला लागली. आणि अप्पा, खरं सांगू? मला ती शांतता आवडायला लागली होती.

आतल्या दाराशी अक्का उभी होती. तिला सगळं पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार, हे तिच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर कळलं. ती रडत नव्हती.

‘नाना, बस खाली,’ ती म्हणाली. ‘ह्यांच्या तेराव्यालासुद्धा तू स्वतःचीच गोष्ट सांगतोयस.’